बायका कुरणे

तहसीलच्या फाटकाशी, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. त्याचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घालून ठेवलेला
कुणाचा तरी नामंजूर अर्ज.
वीस रुपयांत मी माणसाला
सरकारला कळेल अशा भाषेत लिहून देतो.

ती आली तेव्हा डोक्यावर चुंबळ तशीच होती,
भारा विकून झालेला, चुंबळ काढायची राहिलेली.
आंबेवाडीतून पूल ओलांडून गंगावेशीत
चाळीस वर्षं वैरण आणली हिनं.
कट्ट्यावर फेसाळ दूध पिऊन
जी पोरं तालमीत गेली
त्यांच्या दंडात थोडं हिचंही गवत असणार.
ते कुठल्या रकान्यात लिहू?

नाव?
"बायाक्का."
रेशनकार्डावर बायाबाई.
आधारवर, कुणाचं बोट घसरलं कोण जाणे,
बायका. बायका दत्तू कुरणे.
मी हसलो. तीही हसली.
"मग काय खोटं हाय? शेणाला मी, धारंला मी,
भाऱ्याला मी, बाजाराला मी.
मोजशील तर चार निघतील."
चार निघतात. पेन्शन एकीलाही नाही.

जन्मतारीख एक जानेवारी.
माझ्याकडे येणारे सगळे म्हातारे
एक जानेवारीलाच जन्मलेले;
त्या रात्री जिल्ह्यातल्या सुइणींना
पाणी प्यायला उसंत मिळाली नसेल.
साल असं, की कार्डावर ती अठ्ठावन्न
आणि तिचा थोरला एकावन्न.
सीपीआरमधून वयाचा दाखला आणा म्हटलं, तर
"गेलते की मागं. डाक्टरनं दात बघितलं,
म्हशीचं बघत्यात तसं.
म्हटलं, म्हशीचं खरं सांगत्यात,
माझंबी सांगा बाबा."
कागद मिळाला होता. पुरात गेला.
कागदाबरोबर पत्र्याची पेटी,
पेटीत दत्तूच्या मृत्यूचा दाखला.
म्हणजे सरकारात तो अजून आहे,
आणि हिला सांभाळतो आहे.

हे सगळं जमतं.
बावीस वर्षं मी जमवतोच आहे:
प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, शिक्का, साहेब जेवायला गेलेत,
सर्व्हर बंद आहे, सोमवारी या.
एका सोमवारी एक भारा बुडतो,
ते ती बोटांवर मोजते, मी मोजत नाही.

नववा रकाना उरला.
मुलगा सांभाळतो का?
थोरला हुपरीला. दुसऱ्याच्या भट्टीवर पैंजणं घडवतो.
जोतिबाच्या यात्रेला येतो,
गुलालानं माखलेला तसाच पाया पडतो,
जाताना तिनं कांडलेली चटणी नेतो.
मी म्हटलं, मावशी, "सांभाळत नाही" लिहितो.
खरं आहे. आणि त्याशिवाय होणार नाही.

तिनं माझं मनगट धरलं.
भारा आवळणाऱ्या बाईची पकड.
"कोण कोण वाचणार ह्ये?"
तलाठी, सर्कल, मग साहेब.
"तलाठ्याची बायको माझ्याकडनं शेणी न्हेती."
मग बराच वेळ काही नाही.
झेरॉक्सचं मशीन तेवढं उजेड पाडत राहिलं.
"योजनंचं नाव काय म्हणलास?"
श्रावणबाळ.
"त्येनं कावड न्हेली आईबाची.
त्या नावाखाली माझ्या पोराचं ह्ये लिवायचं?
सांभाळतो म्हणून लिव."
मग पैसे मिळायचे नाहीत.
"आत्ता तरी कुठं मिळत्यात?"

मी लिहिलं. सांभाळतो.
माझं अक्षर एरवी गिचमिड,
हा शब्द तेवढा कसा कुणास ठाऊक
शाळेतल्या फळ्यावरच्यासारखा आला.
तिला वाचता येत नाही, तरी ती
त्यावरून बोट फिरवून थांबली.
वीस रुपये नको म्हटले, तर टेबलावर ठेवून
वर पेन ठेवला, उडू नयेत म्हणून.

"ह्येची एक झेरॉक्स काढ," म्हणाली,
"थोरला यात्रंला आला की दावते."
दोन रुपये सुटे होते तिच्याकडे.